डुबुकवडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डुबुकवड्यांचा विषय निघाला की प्रश्न ठरलेले असतात. लग्न होऊन पुण्याला गेलेली भाची विचारते, सुरतेला स्थायिक झालेले जुने शेजारी फोन करतात, नुकताच स्वयंपाक शिकलेला पुतण्या पातेल्याचा फोटो पाठवून "काकू, हे असं का झालं?" म्हणतो. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे उत्तरांसह लिहिले आहेत. मापं माझ्या जळगावच्या स्वयंपाकघरातली आहेत. वाटी म्हणजे साधारण 150 मिलीची आमटीची वाटी, चमचा म्हणजे पोहे खायचा.

डुबुकवडे म्हणजे नेमकं काय? भजी करून रश्श्यात टाकली की झालं, असंच ना?

नाही. भजी तेलात तळतात, डुबुकवडा कढईत जातच नाही. बेसनाचं घट्ट फेटलेलं पीठ हाताने थेट उकळत्या रश्श्यात सोडायचं आणि तिथेच शिजवायचं. पीठ रश्श्यात पडताना जो आवाज होतो, त्यावरून हे नाव. तळलेली भजी रश्श्यात टाकली तर तीही खाता येतात, पण ती बाहेरून मऊ पडतात आणि आत आपलीच चव धरून बसतात. इथे वडा रश्श्यातच तयार होत असल्याने मसाला त्याच्या आतपर्यंत जातो आणि त्याचं थोडं बेसन रश्श्यात उतरून रश्श्याला अंग येतं.

आमच्याकडे हा मुख्यतः उन्हाळ्यातला आणि अडीअडचणीतला स्वयंपाक. वैशाखात बाजारात धड भाजी मिळत नाही, पण डब्यात बेसन असतं, कांदे-लसूण टांगलेले असतात, खोबरं असतं. तेवढ्यावर चार माणसांचं पोट भरतं आणि अंगात ऊब येते. पावसाळ्यात, थंडीतही तितकेच चांगले लागतात.

हा पदार्थ जळगावचा की धुळ्याचा? आमच्या घरी यावरून वाद होतो.

सगळ्या खानदेशाचा. 1906 साली इंग्रजांनी खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले, त्यांचे पुढे जळगाव आणि धुळे जिल्हे झाले. नंदुरबार तर 1998 मध्ये धुळ्यापासून वेगळा झाला. स्वयंपाक या सीमांप्रमाणे बदलत नाही. मी अहिराणी बोलणाऱ्या घरांत आणि लेवा पाटीदारांच्या घरांत, दोन्हीकडे डुबुकवडे खाल्ले आहेत. फरक जिल्ह्याजिल्ह्यांत नाही, घराघरांत आहे: कुणी खोबरं जास्त घालतं, कुणी कांदा, कुणी वड्यात ओवा घालतं, कुणी नुसतं जिरं.

चार माणसांसाठी माप सांगा, अंदाजाने होत नाही.

रश्श्यासाठी मध्यम आकाराचे 3 कांदे, किसलेलं सुकं खोबरं अर्धी वाटी, लसणाच्या 12 ते 15 पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं, देठांसकट मूठभर कोथिंबीर, काळा मसाला 2 चमचे, लाल तिखट 1 ते 2 चमचे, हळद अर्धा चमचा, तेल 5 चमचे आणि मीठ. पाणी 9 वाट्या. हा आकडा वाचून बहुतेक जण दचकतात आणि 6 वाट्यांवर थांबतात. थांबू नका. का, ते पुढे रस्सा आटण्याच्या प्रश्नात सांगितलं आहे.

वड्यांसाठी बेसन 2 वाट्या, पाणी पाऊण वाटी (पीठ मागेल तसं थोडं वर), तिखट 1 चमचा, हळद पाव चमचा, हातावर चोळलेला ओवा अर्धा चमचा, ठेचलेल्या लसणाच्या 5-6 पाकळ्या, थोडी कोथिंबीर, मीठ आणि 1 चमचा कडकडीत तेल. यात साधारण पंचवीस वडे होतात.

तेल शेंगदाण्याचं असेल तर फार छान. तिखट नंदुरबारकडच्या मिरचीचं मिळालं तर रंग आणि झणका दोन्ही येतं.

मसाला कसा भाजायचा? आमचा रस्सा नेहमी पिवळट होतो, तो काळसर रंग येत नाही.

कांदा तेलात परतून ती चव येत नाही. अख्खा कांदा सालीसकट गॅसवर जाळीवर ठेवायचा, साल जळून काळी झाली आणि आतला कांदा दाबल्यावर मऊ लागला की उतरवायचा. चूल असेल तर निखाऱ्यात पुरायचा. जळकी साल काढताना सगळी धुऊन स्वच्छ करू नका, थोडी काळी कड राहू द्या. रंगाचा अर्धा भाग तिथून येतो.

खोबरं मात्र मंद आचेवर तव्यावर, सतत हलवत. आधी वास गोड येतो, मग किस सोनेरी होतो, आणि तपकिरीकडे झुकला की ताबडतोब ताटात काढायचा. गॅस बंद केला तरी तवा तापलेलाच असतो आणि दहा सेकंदांत खोबरं कडू होतं. करपलं तर टाकून द्या. दुसरं काही घालून तो कडवटपणा झाकला जात नाही.

हे सगळं लसूण, आलं, कोथिंबीर घालून गंधासारखं बारीक वाटा. पातेल्यात तेल तापवून वाटण परता, सुटून कडेला तेल दिसू लागेपर्यंत. मध्यम आचेवर याला दहा-बारा मिनिटं लागतात आणि ती द्यावीच लागतात, नाहीतर वर तर्री येत नाही. मग हळद, तिखट, काळा मसाला (आमच्या बोलीत काया मसाला) घालून अर्धा मिनिट परता आणि लगेच पाणी ओता. पाणी गरमच हवं. गार पाणी ओतलं की तापलेला मसाला थंड पडतो, पुन्हा उकळी यायला वेळ लागतो, आणि माझ्या अनुभवात तर्रीही कमी सुटते.

पीठ किती घट्ट हवं?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि चमच्यांच्या हिशोबात याचं उत्तर नाही, कारण प्रत्येक बेसन वेगळं पाणी पितं. जाड दळलेलं कमी, बारीक दळलेलं जास्त. खूण अशी: पीठ बोटांत उचलून हात उलटा केला तर ते लगेच ओघळू नये, क्षणभर थांबून जडपणे गोळ्यासारखं सुटावं. भज्यांच्या पिठाहून घट्ट, भाकरीच्या पिठाहून बरंच सैल.

पाणी एकदम ओतू नका. आधी अर्धी वाटी घालून गुठळ्या मोडा, मग थोडं थोडं. त्यानंतर एकाच दिशेने हाताने फेटा, निदान पाच मिनिटं. फेटताना पिठाचा रंग बदलतो: गडद पिवळं पीठ फिकं आणि हलकं दिसू लागतं, हाताला आधी चिकट वाटत होतं ते मऊसूत लागतं. वाटीभर गार पाण्यात थेंबभर पीठ टाकून बघा. तरंगलं तर झालं. बुडून तळाशी बसलं तर आणखी फेटा. आई हे वाटीत बघायचीही नाही, पातेल्याच्या कडेवर हात निपटताना पीठ कसं सुटतं यावरून तिला कळायचं.

फेटल्यावर दहा मिनिटं झाकून ठेवा आणि सोडण्याआधी कडकडीत तेल घालून पुन्हा एकदा हात फिरवा.

बेसन घ्यायचं की डाळ भिजवून वाटायची?

दोन्ही होतात. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून, निथळून, शक्य तितक्या कमी पाण्यात जरा रवाळ वाटली की वडे खमंग आणि भुसभुशीत होतात. मला स्वतःला हे जास्त आवडतात. बेसनाचे वडे गुळगुळीत होतात आणि ऐनवेळी करता येतात. पहिल्यांदा करत असाल तर बेसनाने सुरुवात करा, कारण मिक्सरमध्ये डाळ वाटताना पाणी जास्त होण्याची भीती असते. मुगाची डाळ घेतली तर वडे हलके होतात, तिची आणखी एक सोय आजारी माणसाच्या प्रश्नात सांगितली आहे.

वडे हातानेच सोडायला हवेत का? चमच्याने चालतील?

चालतील. पण हात शिकून घ्या, अवघड नाही. बोटं पाण्यात बुडवायची, चार बोटांवर मोठ्या बोराएवढं पीठ घ्यायचं, हात रश्श्याच्या जवळ न्यायचा आणि अंगठ्याने पुढे ढकलायचं. उंचावरून टाकलं की गरम रस्सा हातावर उडतो. पहिल्याच दिवशी लोक घाबरून उंचावरून टाकतात आणि भाजून घेतात. पातेल्याच्या कडेकडेने सोडत जा, मधे नको. एकावर एक पडले तर चिकटतात.

वडे सोडले की रश्श्यात विरघळतात आणि पिठलं होतं. काय चुकतं?

दोनच कारणं: पीठ सैल, किंवा रस्सा उकळत नाही. बहुतेक वेळा दुसरं. रश्श्याला फक्त कडेने बुडबुडे येत असताना वडा टाकला तर त्याचं बाहेरचं अंग धरायच्या आधीच पीठ पाण्यात सुटू लागतं. रस्सा मधोमध खदखदत असेल तर पीठ पडताच बाहेरून शिजतं आणि आतलं आतच राहतं. दुसरी गोष्ट, प्रत्येक वडा रश्श्याला थोडा गार करतो. म्हणून पाच-सहा वडे सोडले की थांबा, उकळी पुन्हा वर येऊ द्या, मग पुढचे. आणि सगळे सोडून होईपर्यंत पळी लावू नका.

माझ्याकडून हे एकदा पूर्ण फसलं आहे. सासरचे आठ पाहुणे आले होते, सिलिंडर संपत आला होता आणि ज्योत बारीक झाली होती. माझ्या लक्षात आलं नाही, मी भराभर सगळं पीठ सोडलं. झाकण उघडलं तेव्हा पातेल्यात दाट पिवळी आमटी होती आणि एकही वडा अख्खा नव्हता. सासूबाईंनी ते पातेलं चुलीवर चढवलं, तीन वाट्या गरम पाणी ओतलं, खदखदा उकळी आणली, वाटीभर बेसन घट्ट भिजवून नव्याने वडे सोडले. आठही जण जेवले. तुमचंही बिघडलं तर हेच करा: विरघळलेलं गाळत बसू नका, गरम पाण्याने सैल करा, मीठ-तिखट चाखून वाढवा आणि थोडं नवं घट्ट पीठ सोडा.

माझे विरघळत नाहीत, उलट कडक होतात. आत कोरडं, कच्चट लागतं.

पीठ फेटलं गेलेलं नाही किंवा वडा फार मोठा झाला. फेटण्याबद्दल वर "पीठ किती घट्ट हवं?" या प्रश्नात आलंच आहे. आकार बोराएवढाच ठेवा, लिंबाएवढा वडा आतपर्यंत शिजेस्तोवर बाहेरून चिवट होतो. शेवटचा वडा सोडल्यावर आच मध्यम करा, अर्धं झाकण ठेवा आणि दहा-बारा मिनिटं द्या. वडे वर तरंगले म्हणजे झाले असं समजून लगेच उतरवू नका, फेटलेलं पीठ कच्चं असतानाही तरंगतं. एक वडा काढून मोडा. आत सगळीकडे सारखी जाळी दिसली पाहिजे, मधे चकचकीत ओला ठिपका नको.

सोडा घालू का?

नको. सोड्याने वडे फुगतात खरे, पण उकळीत फुटतात आणि बेसनाला साबणासारखी चव येते. फेटण्याची पाच मिनिटं वाचवायला लोक सोडा घालतात.

उतरवला तेव्हा रस्सा भरपूर होता, पानं घेईपर्यंत गायब. असं का?

"रस्सा कथा गया?" (रस्सा कुठे गेला?) हे आमच्याकडे या जेवणातलं ठरलेलं वाक्य. वडे शिजल्यानंतरही रस्सा पितच राहतात आणि सुटलेल्या बेसनाने उरलेला दाट होतो. म्हणून 9 वाट्या पाणी. उतरवताना रस्सा तुम्हाला हव्या त्याहून पातळ दिसला पाहिजे, अगदी काळजी वाटेल इतका. दहा मिनिटांनी ताटात तो बरोबर होतो. पानं आधी मांडा, भाकऱ्या आधी करा, माणसं बसली की मग वडे सोडायला घ्या. तरीही दाट झाला तर उकळतं पाणी आणि चिमूटभर मीठ घालून एक उकळी काढा.

टोमॅटो घालायचा का?

आमच्या घरी घालत नाहीत. आंबटपणा हवा असेल तर वाढताना लिंबू पिळा.

चातुर्मासात कांदा-लसूण चालत नाही. मग?

खोबरं दुप्पट घ्या, सोबत 2 चमचे तीळ आणि 2 चमचे शेंगदाणे भाजून वाटा, आलं वाढवा, फोडणीत हिंग आणि जिरं घाला. रस्सा वेगळा होतो, पण दाटपणा आणि खमंगपणा दोन्ही येतात. तयार काळ्या मसाल्यात कधी कधी कांदा-लसूण असतो, तेवढं पाकिटावर वाचून घ्या.

मुलांना नूडल्सचं सूप हवं असतं. यात शेवया किंवा नूडल्स घालता येतील का?

येतील, आणि फार छान होतं. माझ्या नातवंडांसाठी मी हे नेहमी करते. उन्हाळ्यात घरोघरी गव्हाच्या शेवया होतात: बाजेला मशीन आवळून बांधायचं, एकीने पीठ भरायचं, दुसरीने दांडा फिरवायचा, तिसरीने खाली येणाऱ्या तारा अलगद झेलून वाळत घालायच्या. त्या शेवया आपण दूध-गुळात खातो, पण तिखट रश्श्यातही त्या उत्तम लागतात.

पद्धत अशी. रस्सा नेहमीपेक्षा सौम्य करा, तिखट निम्मं, काळा मसाला 1 चमचा, पाणी आणखी 2 वाट्या. वडे बोराहून लहान, हरभऱ्याच्या घाट्याएवढे सोडा, मुलांच्या तोंडात एका घासात मावतील असे. ते पूर्ण शिजले की मूठभर शेवया दोन बोटांएवढ्या मोडून घाला. बारीक शेवया तीन-चार मिनिटांत शिजतात. लगेच वाडग्यात वाढा, कारण आता रस्सा पिणारे दोन झाले, वडे आणि शेवया.

बाजारच्या नूडल्स असतील तर त्या रश्श्यात शिजवू नका. वेगळ्या पाण्यात उकडून, निथळून वाडग्यात ठेवा आणि वरून वड्यांसकट रस्सा ओता. नूडल्सचा स्टार्च रश्श्यात उतरत नाही आणि तर्री वर दिसते. सोबत मोमो किंवा वॉन्टन असलेलं सूप मुलांनी बाहेर खाल्लेलं असतं, तिथे मैद्याच्या पारीत सारण भरलेलं असतं. डुबुकवड्याला पारी नाही, सारणही नाही. पण गरम वाडगा, लांब तार आणि मधेच दाताखाली येणारा मऊ गोळा, हे सुख तेच आहे.

शेवभाजी, पाटवडी, फुनके आणि डुबुकवडे यांत फरक काय?

रश्श्याची जात पहिल्या दोघांशी जुळते. शेवभाजीत तळलेली जाड तिखट शेव वाढताना रश्श्यात पडते. पाटवडीत बेसन आधी शिजवून, थापून, वड्या कापून मग रश्श्यात घालतात. डुबुकवड्यात कच्चं पीठ जातं. फुनके मात्र वाफवतात, डाळ भिजवून वाटून, आणि ते कढीबरोबर खातात.

कुकरमध्ये होतात का?

रस्सा होतो, वडे नाही. बंद कुकरमध्ये वडे एकमेकांना चिकटतात आणि फुटले तरी दिसत नाहीत. उघडं पातेलं घ्या, रुंद.

पुण्याला खोलीवर राहतो. एक इंडक्शन, एक भांडं, मिक्सर नाही.

मसाला जळगावहूनच करून आण किंवा मागवून घे. कांदा, खोबरं, लसूण भाजून, वाटून, तेलात चांगलं परतून, गार करून डब्यात भरलं की फ्रिजमध्ये सात-आठ दिवस राहतं. आठवडाभर पुरेल तेवढंच आण. ते दोन-तीन चमचे भांड्यात गरम कर, तिखट-हळद घाल, पाणी ओत. पाणी आधी उकळून ठेवायला दुसरं भांडं नसेल तर गारच घाल, तर्री थोडी कमी येईल, जेवण होईल. इंडक्शनला आच पूर्ण ठेव, कारण काही शेगड्या मधेच उष्णता कमी-जास्त करतात आणि उकळी बसली की काय होतं ते वर विरघळण्याच्या प्रश्नात वाचलंस. एका माणसाला अर्धी वाटी बेसन आणि अडीच वाट्या पाणी पुरे.

घरात एकाला गहू चालत नाही. हे चालेल?

बेसन हरभऱ्याचं, भाकरी ज्वारी-बाजरीची, तेव्हा मूळ पदार्थात गहू नाही. दोन ठिकाणी लपलेला असू शकतो: बाजारच्या हिंगात बरेचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, आणि गिरणीत गव्हानंतर लगेच डाळ दळली तर बेसनात गहू येतो. बेसन घरी दळा किंवा डाळ भिजवून वाटा. शेवया अर्थातच नाहीत.

आजारातून उठलेल्या माणसाला देता येतील का?

मुगाच्या डाळीचे द्या. डाळ भिजवून वाटायची, आलं आणि जिरं घालायचं, तिखट नाही. रश्श्याऐवजी हळद, मीठ, जिऱ्याची तुपातली फोडणी घातलेलं पातळ मुगाचं कळण उकळायचं आणि त्यात छोटे वडे सोडायचे. बाळंतिणीला किंवा डॉक्टरांनी पथ्य सांगितलेल्या माणसाला मात्र आधी विचारूनच.

सोबत काय वाढायचं?

कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत काळे उडीद घालून दळलेल्या पिठाची. ती नसेल तर बाजरीची. बुक्कीने फोडलेला कांदा, लिंबू, आणि भाकरी कुस्करून वर रस्सा ओतायला खोलगट ताट. शेवटच्या घासाला थोडा मोकळा भात ठेवा.

पन्नास माणसांसाठी करायचे आहेत. एवढे वडे एका पातेल्यात कसे सोडू?

सोडू नका. खालचे मोडतील, वरचे कच्चे राहतील. मोठ्या पातेल्यात मीठ-हळद घातलेलं साधं पाणी खदखदवा, त्यात थोडे थोडे वडे आठ मिनिटं शिजवून झाऱ्याने काढा आणि ताटांत पसरून ठेवा. रस्सा वेगळा तयार ठेवा. पंगत बसायच्या आधी वीस मिनिटं वडे रश्श्यात घालून मंद उकळी द्या. वडे शिजवलेलं पाणी फेकू नका, रस्सा दाट झाला की तेच गरम करून ओता. बेसन माणशी अर्धी वाटी धरलं तर पुरतं. भरवशाचे दोन माणूस फक्त वडे सोडायला ठेवा, त्यांना दुसरं काम देऊ नका.

उरले तर दुसऱ्या दिवशी चालतात का? डब्यात नेता येतात?

फ्रिजमध्ये ठेवले तर दुसऱ्या दिवशी चालतात आणि वडे अधिक मुरलेले लागतात, पण रस्सा जवळजवळ राहिलेला नसतो. उरणार हे दिसत असेल तर रात्रीच वडे आणि रस्सा वेगळे काढून ठेवा. सकाळी रस्सा पाणी घालून उकळा, मग वडे घालून पाच मिनिटं. डब्यात द्यायचे तर दोन कप्प्यांत द्या आणि खाताना एकत्र करायला सांगा. बिनरश्श्याचे वडे उरले तर कुस्करून, कांदा-मोहरीच्या फोडणीवर परतून, पोळीत गुंडाळून द्या. आमच्याकडे मुलं त्यासाठी मुद्दाम चार वडे मागे ठेवायला लावतात.